काचबिंदू

डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू सुकत जाते, त्या आजाराला काचबिंदू किंवा ग्लॉकोमा म्हणतात. या नसेत दहा-बारा लाख बारीक तंतू असतात. ते मरू लागले की बहुधा आधी नजरेच्या कडा जातात. मधली नजर शेवटपर्यंत टिकते. गेलेली नजर कुठल्याही औषधाने किंवा ऑपरेशनने परत येत नाही. उपचार असतात ते उरलेली नजर राखण्यासाठी. ते वेळेवर सुरू झाले आणि नीट चालू राहिले, तर बहुतेकांची नजर आयुष्यभर पुरते.

मराठी नावाने मात्र मोठा घोटाळा करून ठेवला आहे. मोतीबिंदू आणि काचबिंदू ही भावंडे वाटतात. मोतीबिंदू काढला, भिंग बसवले आणि दुसऱ्या दिवशी आजोबा पेपर वाचू लागले, हा अनुभव पुण्यातल्या बहुतेक घरांनी घेतलेला असतो. मग काचबिंदूलाही तोच हिशोब लागतो : ‘अजून पिकला नसेल, दिवाळीनंतर बघू.’ काचबिंदू पिकत नाही. थांबलेल्या महिन्यांत जे जाते ते कायमचे जाते.

डोळ्याच्या पुढच्या भागात पाण्यासारखा स्वच्छ द्रव सतत तयार होत असतो, मिनिटाला साधारण २ ते ३ मायक्रोलिटर. अश्रूंशी त्याचा संबंध नाही. डोळ्याचा पारदर्शक भाग आणि रंगीत पडदा जिथे मिळतात त्या कोनात एक बारीक जाळी असते, तिच्यातून हा द्रव रक्तात निघून जातो. मोरीच्या जाळीत गाळ साठावा तशी ही जाळी आतून तुंबली, तर तो उघड्या कोनाचा काचबिंदू. रंगीत पडदाच पुढे सरकून जाळीवर बसला, तर बंद कोनाचा. दोन्हींत डोळ्यातला दाब वाढतो आणि मागे नसेवर ताण येतो. दाब सर्वसाधारणपणे पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर इतका असतो. पण काहींची नस १६ दाबालाही झिजते, तर काहींची २४ दाबातही शाबूत राहते. म्हणून एकदा दाब मोजून निकाल लागत नाही. हा दाब आणि रक्तदाब वेगळे. बीपी ‘नॉर्मल’ असले म्हणून डोळ्याचा दाब नॉर्मल असेलच असे नाही. चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी लेझर करून घेतलेल्यांत पारदर्शक पडदा पातळ झालेला असतो, त्यामुळे दाब खऱ्यापेक्षा कमी मोजला जातो. जाड उणे नंबर असणाऱ्यांना उघड्या कोनाच्या काचबिंदूचा धोका मुळातच जास्त. म्हणून लेझर झालेल्या तरुणांनी ही गोष्ट तपासणाऱ्या डॉक्टरांना न विसरता सांगावी.

उघड्या कोनाचा प्रकार दुखत नाही, खुपत नाही. एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो. जिन्याची शेवटची पायरी चुकते, पानातली आमटीची वाटी हाताने कलंडते, लक्ष्मी रस्त्यावर बाजूने आलेली दुचाकी एकदम समोर उभी राहिल्यासारखी वाटते. आणि या सगळ्याचे खापर वयावर फुटते. चष्म्याच्या दुकानात तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता आली म्हणून माणूस निश्चिंत होतो, पण तक्ता फक्त मधली नजर तपासतो. भारतात चाळिशीपुढच्या सुमारे १.१२ कोटी लोकांना काचबिंदू असल्याचा अंदाज २०१० मध्ये मांडला गेला. देशातल्या पाहण्यांत सापडलेल्या रुग्णांपैकी दहांतल्या नऊ जणांना आपल्याला हा आजार आहे हे ठाऊकच नव्हते.

बंद कोनाचा झटका याच्या अगदी उलट. दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी वलये, लाल डोळा, अर्धे डोके फुटल्यासारखे दुखणे आणि उलट्या. सुश्रुतसंहितेत वर्णिलेला ‘अधिमंथ’, म्हणजे डोळा घुसळून काढणारी वेदना, तो हाच असावा असे अनेक जाणकार मानतात. आपल्याकडे उलटी झाली की ‘पित्त उसळलं’ म्हणून आलेपाक दिला जातो, नाहीतर अर्धशिशी म्हणून अंधाऱ्या खोलीत झोपवले जाते. अंधारात बाहुली मोठी होते आणि कोन आणखी मिटतो. डोकेदुखी आणि उलटीबरोबर डोळा लाल व धूसर झाला असेल, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, नेत्रविभाग असलेले रुग्णालय गाठावे. हा प्रकार स्त्रियांत आणि अधिक (प्लस) नंबरचा चष्मा असणाऱ्यांत जास्त दिसतो.

निदानासाठी दाबाबरोबर कोन तपासतात, बाहुली मोठी करून नस पाहतात, ओसीटीने, म्हणजे प्रकाशाने डोळ्यातल्या थरांचे चित्र काढणाऱ्या यंत्राने, तंतूंची जाडी मोजतात आणि ‘फील्ड’, म्हणजे नजरेच्या घेराची तपासणी, करतात. फील्डची रुग्णांना धास्ती असते. अंधाऱ्या खोलीत हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, समोरच्या स्थिर दिव्यावरून नजर हलवायची नाही आणि कडेला कुठे ठिपका लुकलुकला की हातातले बटण दाबायचे. बराच वेळ काहीच दिसत नाही आणि आपण नापास होतो आहोत असे वाटून घाम फुटतो. खरे तर यंत्र मुद्दामच ठिपके मंद करत जाते. निरोगी माणसालाही त्यांतले जवळजवळ निम्मे दिसत नाहीत. ही गोष्ट आत नेण्याआधी कुणी दोन वाक्यांत सांगितली तर तपासणी कितीतरी नीट होते.

उपचार म्हणजे दाब उतरवणे. एका मोठ्या चाचणीत दाब दर मिलिमीटरने उतरला की आजार वाढण्याचा धोका साधारण १० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. पायलोकार्पिनचे थेंब १८७०च्या दशकातले, टिमोलोल १९७८चे, लॅटॅनोप्रोस्ट १९९६चे. लॅटॅनोप्रोस्ट रात्री एकदाच घालायचे असते. त्याने पापण्यांचे केस लांबतात, डोळ्याभोवती काळसरपणा येतो. टिमोलोलने दमा बळावू शकतो आणि नाडी मंदावते, म्हणून दमेकऱ्यांनी ते आधी सांगावे.

थेंब घालण्याची रीत औषधाइतकीच महत्त्वाची. खालची पापणी ओढून एकच थेंब टाकावा. डोळ्यात त्याहून जास्त मावतच नाही. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरावा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दुसरे औषध पाच मिनिटांनी. गावाला, लग्नाला, गणपतीला जाताना पिशवीत बाटली आधी पडली पाहिजे.

बंद कोनात लेझरने रंगीत पडद्याला सुईच्या टोकाएवढे छिद्र पाडतात. उघड्या कोनात जाळीवरच लेझर देता येतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत लेझरने सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांना तीन वर्षांनंतरही थेंबांची गरज नव्हती. एवढ्याने भागले नाही तर ट्रॅबेक्युलेक्टमी, म्हणजे द्रवाला वरच्या पापणीखाली नवी वाट करून देणारे ऑपरेशन. १९६८ पासून तेच मुख्य ऑपरेशन राहिले आहे. अवघड डोळ्यांत बारीक नळी बसवतात. पुण्यात या सोयी ससून सर्वोपचार रुग्णालय आणि महंमदवाडीचे पुणे अंधजन मंडळाचे ह. वि. देसाई नेत्र रुग्णालय येथे, तसेच अनेक खासगी दवाखान्यांत मिळतात.

स्टेरॉइडमुळे होणारा काचबिंदू तर टाळता येण्याजोगा. उन्हाळ्यात मुलांचे डोळे खाजतात, मेडिकलवाल्याने दिलेल्या थेंबांनी लाली झटकन उतरते, आणि तीच बाटली चिठ्ठीशिवाय वर्षानुवर्षे आणली जाते. शाळकरी मुलाची नजर अशी जावी याइतके वाईट काही नाही. तान्ह्या बाळांतही काचबिंदू असतो. ‘डोळे किती टपोरे’ असे कौतुक होत असताना बाळ उजेडाकडे पाहत नसेल, डोळ्यातून सतत पाणी येत असेल किंवा बुबुळ निळसर-पांढरट दिसत असेल, तर एक आठवडाही थांबू नये; तिथे उपचार ऑपरेशनचाच.

बी. के. एस. अय्यंगार यांच्या या शहरात योगासने घरोघरी चालतात, म्हणून हेही सांगायला हवे : शीर्षासनात डोळ्याचा दाब जवळजवळ दुप्पट होतो. काचबिंदूच्या रुग्णाने ते करू नये आणि शिक्षकांना आजार सांगावा. चालणे, पर्वती चढणे खुशाल चालू ठेवावे. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर धोका अनेक पटींनी वाढतो. चाळिशीनंतर, आणि अशा घरात त्याआधीच, नसेची तपासणी करून घ्यावी.

ज्यांची नजर बरीच गेली आहे त्यांनाही एक हक्क आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अंधत्व केवळ तक्त्यावरून ठरत नाही. नजरेचा घेर १० अंशांहून कमी उरला असेल तर तेही अंधत्वच, आणि १० ते ४० अंश असेल तर अल्पदृष्टी. तक्ता शेवटपर्यंत वाचू शकणाऱ्या पण दारातून जाताना खांदा आपटणाऱ्या माणसालाही फील्डचा अहवाल दाखवून प्रमाणपत्र मागता येते.