गारगोटीचा ठेका

बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ टाकून देण्याआधी त्याची मागची काळी डबी एकदा उघडून पाहा. प्लॅस्टिकची दातेरी चाकं, तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि छोट्याशा सर्किटवर आडवी पडलेली एक चकचकीत नळी. लांबीला तांदळाच्या दाण्याएवढी, जाडीला थोडी जास्त. या नळीचं टोपण जपून कापलं तर आत काचेसारखा पारदर्शक, धातूचा पातळ मुलामा दिलेला दोन पायांचा चिमटा दिसतो. शाळेच्या प्रयोगशाळेतला नादकाटाच, पण मुंगीएवढा. तो क्वार्ट्झचा असतो, म्हणजे आपल्या गारगोटीचा.

गारगोटीत सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे अणू अशा रीतीने रचलेले असतात की, स्फटिक ठरावीक दिशेने दाबला तर धन आणि ऋण प्रभार एकमेकांपासून जरासे सरकतात आणि त्याच्या पृष्ठभागांवर व्होल्टेज येतं. पिएर क्युरी आणि त्यांचे थोरले भाऊ झाक यांनी १८८० मध्ये हे दाखवलं. पुढच्याच वर्षी गाब्रिएल लिपमन यांनी गणिताने सांगितलं की याच्या उलटही व्हायला हवं: व्होल्टेज दिलं तर स्फटिकाचा आकार बदलेल. क्युरी बंधूंनी तेही पडताळून पाहिलं.

आता पुष्कळांना वाटतं की वीज दिली की क्रिस्टल, म्हणजे हा स्फटिक, आपोआप थरथरत राहतो. तसं नाही. नुसता सेल जोडला तर तो एकदा किंचित वाकेल आणि तसाच राहील. पाळण्याची दोरी ओढणाऱ्या आजीकडे पाहा. पाळणा किती वेळात परत येणार हे आजी ठरवत नाही, पाळणाच ठरवतो. ती फक्त तो परतताना नेमक्या क्षणी हलकासा हिसका देते, हवेत आणि कड्यांच्या घासण्यात जेवढा जोर गेला तेवढाच भरून काढते. अवेळी ओढलं तर पाळणा अडखळतो.

सर्किटमध्ये आजीचं काम अॅम्प्लिफायर करतो. क्रिस्टल हलला की त्याच्या अंगावर बारीकसं व्होल्टेज उमटतं. अॅम्प्लिफायर ते मोठं करतो, पण उलटं करून. क्रिस्टल आणि त्याच्या दोन बाजूंचे दोन चिमुकले कपॅसिटर (प्रभार साठवणारे भाग) मिळून ते पुन्हा सुलटं करतात, म्हणून परत येणारा धक्का बरोबर वेळेवर पोहोचतो. पहिला धक्का कोण देतं? कोणीच नाही. प्रत्येक सर्किटमध्ये इलेक्ट्रॉनांची अखंड कुजबुज चालू असते. त्या गोंगाटातून क्रिस्टल फक्त आपल्या लयीचा सूर उचलतो, तो मोठा होऊन परत येतो, आणखी मोठा होतो, आणि ठेका जमतो. मला या सगळ्यात हेच सर्वांत सुंदर वाटतं.

अमेरिकेत वॉल्टर केडी यांनी १९२१ मध्ये क्वार्ट्झ वापरून असा ठेका धरणारं सर्किट, म्हणजे ऑसिलेटर, बनवला. १९२७ मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये वॉरन मॅरिसन आणि जे. डब्ल्यू. हॉर्टन यांनी क्वार्ट्झचं घड्याळ केलं. ते मनगटावर आलं १९६९ च्या नाताळात, जपानच्या सेइको कंपनीच्या अॅस्ट्रॉन घड्याळातून.

आपल्या घड्याळातला चिमटा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा विचित्र वाटतो, पण २ ला २ ने गुणत १५ व्या घातापर्यंत गेलं की तोच येतो. म्हणून सर्किटमध्ये एकापाठोपाठ एक १५ वेळा निम्मं केलं की उरतो सेकंदाला एक ठोका. तो वेटोळ्यात जातो आणि काटा एक घर सरकतो. शिवाय आपल्या कानाची मजल सेकंदाला साधारण २०,००० कंपनांपर्यंतच, त्यामुळे भिंतीवर रात्रंदिवस वाजणारा हा नादकाटा कोणाची झोप मोडत नाही.

उन्हाळा मात्र त्याला बाधतो. या चिमट्याची लय साधारण २५ अंश सेल्सियसला सर्वांत जलद असते. तिथून दूर जाल तसा तो मंदावतो, आणि अंतर दुप्पट झालं की फरक चौपट होतो. चंद्रपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांच्या खोलीत टांगलेलं घड्याळ २५ अंशांच्या मानाने दिवसाला सुमारे १.२ सेकंद मागे पडतं. महिनाभर तेवढंच तापमान राहिलं तर सुमारे ३६ सेकंद. डिसेंबरच्या १० अंशांच्या पहाटेही ते मागेच पडतं, पुढे जात नाही.