हातोड्याने फुटला तर हिरा खोटा?

‘हिरा खरा असेल तर हातोडा मारला तरी फुटत नाही,’ असा मेसेज बरेचदा फिरतो. समज जुनाच आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन ग्रंथातही तो सापडतो. पण ही परीक्षा घेऊ नका, खराच हिरा हातचा जाईल.

घोळ ‘कठीण’ या एका शब्दाचा आहे. खनिजांचा कठीणपणा मोजणाऱ्या मोहस् मापनश्रेणीत हिऱ्याला सर्वाधिक, १० गुण आहेत, पण ते ओरखड्याला दाद न देण्याचे. अचानक बसलेला घाव सोसणं हा वेगळा गुण: चिवटपणा.

घरातच बघा. तांब्याच्या लोट्यावर खिळ्याने सहज ओरखडा उठतो, काचेच्या पेल्यावर उठत नाही. दोन्ही फरशीवर पडले तर? लोट्याला पोचा येतो, पेल्याचे तुकडे होतात. लोटा वाकून घावाची ऊर्जा जिरवतो. काचेला वाकता येत नाही. हिऱ्यालाही नाही. शिवाय त्याच्या स्फटिकात चार दिशांना फुटीची प्रतलं, म्हणजे सहज दुभंगणारे सपाट थर, असतात. जुने कारागीर त्या रेषेवर पातं धरून एका टोल्यात हिरा दुभंगत.

धातूंचा चिवटपणा मोजायला चार्पी चाचणी आहे. खाच पाडलेल्या छोट्या तुकड्यावर जड लंबक सोडतात. तुकडा मोडून लंबक पलीकडे जितका कमी उंच जातो, तितकी ऊर्जा तुकड्याने खाल्ली.

हिरा तपासायचा तर सराफाकडचं उष्णतावाहकतेचं यंत्र चालतं. मात्र मोइसनाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा वेगळा खडा त्याला चकवतो. त्यामुळे रत्नप्रयोगशाळेचं प्रमाणपत्रच मागा.