स्काडा प्रणालीचा मोबाइलवरून वापर

कारखाना, जलशुद्धीकरण केंद्र, वीज उपकेंद्र किंवा तेलवाहिनी यांवर दुरून देखरेख व नियंत्रण ठेवणाऱ्या स्काडा या संगणकीय प्रणालीतील मोजमापे व अलार्म मोबाइलवर पाहण्याची आणि, अधिकार असल्यास, तेथूनच आज्ञा देण्याची सोय.

या सोयीचा आरंभ कोठून धरावा याबद्दल मतभेद आहेत. काही अभ्यासक तारांवरून चालणाऱ्या जुन्या दूरमापनालाच तिचे मूळ मानतात, तर काही २००७ नंतरच्या स्मार्टफोनपासून तिची गणना करतात. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी पाठवला गेला. यंत्र चालवणाऱ्या नियंत्रक उपकरणाला जीएसएम मोडेम (मोबाइल नेटवर्कवरून संदेश पाठवणारे उपकरण) जोडून बिघाडाची वर्दी थेट अभियंत्याला देण्याची पद्धत त्यानंतर, बहुधा त्या दशकाच्या उत्तरार्धात, रुळली. माणूस नियंत्रण कक्षात नसतानाही यंत्राचा निरोप त्याला मिळणे हा या सोयीचा गाभा धरल्यास आरंभ येथे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क व आर्लेन निपर यांनी १९९९ मध्ये तेलवाहिन्यांच्या उपग्रहाद्वारे होणाऱ्या देखरेखीसाठी रचलेला एमक्यूटीटी हा प्रोटोकॉल, म्हणजे संदेशांच्या देवाणघेवाणीची नियमावली, मंद व तुटक जोडणीवरही तग धरतो. म्हणून पुढे तो मोबाइललाही सोयीचा ठरला.

‘रिअल-टाइम’ हे विशेषण येथे जपून वापरावे लागते. नियंत्रणाचे चक्र पीएलसीत, म्हणजे यंत्राजवळच्या नियंत्रक उपकरणात, काही मिलिसेकंदांत पूर्ण होते. मोबाइल त्या चक्रात नसतो. फोनवरून बदलतो तो सेट-पॉइंट (यंत्राने राखायचे ठरवून दिलेले मूल्य), किंवा दिली जाते ती चालू-बंदची आज्ञा. नेटवर्क गेले तरी पंप चालूच राहतो, पडद्यावरचा आकडा मात्र थिजतो. टाकी ६२ टक्के भरलेली दिसते आणि तिकडे ती ओसंडत असते. यासाठी औद्योगिक उपकरणांतील माहितीच्या देवाणघेवाणीसाठीच्या ओपीसी यूए या मानकात प्रत्येक मूल्यासोबत त्याची वेळ व ते कितपत भरवशाचे आहे याची खूण जाते. शिळा आकडा करडा करून दाखवणे ही अ‍ॅपची पहिली जबाबदारी. ती न पाळणारे अ‍ॅप धोक्याचेच. झडप उघडण्यासारख्या आज्ञेला आधी निवड, मग पुष्टी असे दोन टप्पे ठेवतात.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत ३४ स्काडा अ‍ॅपमध्ये १४७ सुरक्षा-त्रुटी आढळल्या. दूरस्थ प्रवेशाच्या चर्चेत अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील ओल्ड्समार शहराच्या जलशुद्धीकरण केंद्राचे उदाहरण हटकून येते. तेथे फेब्रुवारी २०२१ मध्ये पाण्यातील सोडियम हायड्रॉक्साइड या दाहक रसायनाचे प्रमाण दर दशलक्षांत १०० भागांवरून ११,१०० भागांवर नेल्याचे चालकाच्या लक्षात आले व त्याने ते लगेच पूर्ववत केले. हा, आधी समजले गेले तसा, बाहेरचा हल्ला नसून कर्मचाऱ्याची चूक असावी, असे मत २०२३ मध्ये पुढे आले. त्यामुळे हल्ल्याचा दाखला म्हणून या घटनेकडे सावधपणे पाहणे बरे. बऱ्याच ठिकाणी फोनला केवळ पाहण्याचा अधिकार देतात आणि आज्ञा नियंत्रण कक्षाकडेच ठेवतात.