श्वानोमा

श्वानोमा ही मज्जातंतूच्या आवरणातून वाढणारी साधी, म्हणजे कर्करोग नसलेली गाठ आहे. तंतूंभोवती वेष्टण घालणाऱ्या श्वान पेशींपासून ती बनते. जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर श्वान (१८१०–१८८२) यांचे नाव या पेशींना मिळाले आहे. हात, पाय, मान आणि पाठीचा कणा या तिच्या नेहमीच्या जागा.

गाठ बहुधा एकटीच असते, वर्षानुवर्षे सावकाश वाढते आणि फारशी दुखत नाही. त्यामुळे ती चरबीची गाठ समजली जाते आणि खरे नुकसान याच गैरसमजातून होते. चरबीची गाठ म्हणून घाईत कापून काढली, तर तिच्यासोबत मज्जातंतूही तुटतो. दंडातला रेडियल तंतू तुटला की मनगट लोंबते, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा तुटला की पाऊल घसटते.

हे टाळणारी तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. गाठ दोन बोटांत धरून हलवावी. श्वानोमा आडवी सरकते, पण मज्जातंतूच्या लांबीच्या दिशेने जागची हलत नाही. मग तिच्यावर बोटाने टिचकी मारावी. झिणझिण्या तंतूच्या वाटेने बोटांपर्यंत किंवा तळपायापर्यंत गेल्या, तर एमआरआय झाल्याशिवाय सुरी लावू नये. एमआरआयमध्ये दोन्ही टोकांना निमुळती होऊन तंतूला जोडलेली गाठ दिसते. चित्र नमुनेदार असेल तर सुईची बायोप्सी सहसा करत नाहीत; सुई तंतूंत शिरल्यास तीव्र कळ येते.

त्रास नसलेली छोटी गाठ नुसती नजरेखाली ठेवली तरी चालते. शस्त्रक्रियेत छेद तंतूच्या लांबीच्या दिशेने घेतात. कार्यक्षम तंतूंची जुडगी गाठीच्या आवरणावर पसरलेली असतात. विजेच्या सूक्ष्म झटक्याने ती ओळखून, जिथे स्नायू आकसत नाही अशा जागी आवरण उभे चिरतात आणि शेंगेतून दाणा काढावा तशी गाठ सोडवतात. गाठीत शिरणारे एखादे निकामी जुडगे तेवढे कापावे लागते. भूल देताना दीर्घकाळ टिकणारे स्नायुशिथिलक वापरले असेल, तर ही चाचणी फसते आणि चांगला तंतूही निकामी वाटतो. हे भूलतज्ज्ञाशी आधीच बोलून ठेवावे. नंतर काही आठवडे बधिरपणा राहू शकतो. गाठ पूर्ण निघाली तर सहसा परत येत नाही.

न्यूरोफायब्रोमा या जवळच्या गाठीत तंतू गाठीच्या आतूनच विखुरलेले असतात, म्हणून ती इतकी सहज सोडवता येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली श्वानोमात दाट आणि विरळ असे दोन भाग दिसतात आणि एस-१०० या प्रथिनाची रंगचाचणी सर्वत्र ठळक येते. फार जुन्या गाठीतल्या पेशी वेड्यावाकड्या दिसतात. अननुभवी नजरेला तो सार्कोमा, म्हणजे स्नायू-तंतूंसारख्या ऊतींचा कर्करोग, वाटू शकतो.

खरी शंका घ्यायची ती पाच सेंटिमीटरहून मोठी, खोल, झपाट्याने वाढणारी, आराम करतानाही दुखणारी किंवा नव्याने शक्ती घालवणारी गाठ असेल तेव्हा. अशी गाठ आधी सार्कोमा हाताळणाऱ्या केंद्रात दाखवावी. एकाच व्यक्तीला अनेक श्वानोमा असतील, विशेषतः ऐकू कमी येत असेल, तर बाविसाव्या गुणसूत्रावरील एनएफ-२ या जनुकातील दोष तपासतात.