‘मॅकबेथ’मधला ‘द’

शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ नाटकात झोपलेल्या राजा डंकनचा खून करून मॅकबेथ बाहेर येतो आणि बायकोला सांगतो, ‘आय हॅव डन द डीड.’ केलं ते काम. कोणतं, हे तिला सांगावं लागत नाही. या वाक्यातल्या ‘द’कडे वाचणाऱ्याचं लक्षही जात नाही. संगणकाचं मात्र गेलं.

पद्धत सोपी आहे. एका नाटकातले शब्द मोजायचे, लेखकाच्या बाकीच्या नाटकांशी ताडून पाहायचे आणि कोणता शब्द नेहमीपेक्षा जास्त येतो ते शोधायचं. हा फरक केवळ योगायोगाने पडला असेल का, ते संख्याशास्त्र सांगतं. १६०६च्या सुमारास लिहिलेल्या ‘मॅकबेथ’ची जोनाथन होप आणि मायकेल विटमोर या अभ्यासकांनी अशी मोजणी केली, तेव्हा ‘द’ अपेक्षेपेक्षा जास्त निघाला.

इंग्रजीत ‘अ’ म्हणजे कुठलंतरी, ‘द’ म्हणजे आपल्याला माहीत असलेलं. खुनाच्या रात्री लेडी मॅकबेथ दचकते आणि म्हणते, ‘इट वॉज द आउल दॅट श्रीक्ड.’ ‘एक घुबड’ नव्हे, ‘ते’ घुबड. प्रेक्षकांना ते अजून दिसलेलंही नाही, तरी ते येणार हे जणू आधीपासून ठरलेलं होतं. या नाटकातली भीती मला भुतांपेक्षा अशा ठिकाणी जास्त जाणवते.

‘डन’चंही तसंच. खुनाआधी मॅकबेथ एकाच वाक्यात हा शब्द तीनदा उच्चारतो: करून जर सगळं संपणार असेल, तर लवकर केलेलं बरं. पुढे बायको त्याची समजूत घालते, ‘व्हॉट्स डन इज डन.’ शेवटी झोपेत चालताना तीच पुटपुटते, ‘व्हॉट्स डन कॅनॉट बी अनडन.’ शब्द तोच, पण धीर गेलेला.

रक्ताळलेले हात पाहून मॅकबेथ म्हणतो, समुद्राने हे धुतलं जाणार नाही. उलट माझाच हात ‘द मल्टिट्यूडिनस सीज इन्कार्नडाइन, मेकिंग द ग्रीन वन रेड’, म्हणजे असंख्य समुद्रच लाल करून टाकेल. ‘मल्टिट्यूडिनस’ आणि ‘इन्कार्नडाइन’ ही लॅटिन घराण्यातली भारदस्त शब्दांची जोडी. लगेच पुढे त्याच अर्थाचे जुन्या इंग्रजीतले छोटे, घरगुती शब्द: हिरव्याचं लाल. आपण ‘आरक्त’ म्हणून लगेच ‘लालेलाल’ म्हणावं, तसं. पहिल्या शब्दांत समुद्राचा पसारा आहे, दुसऱ्यांत नुसता रंग उरतो, आणि तो डोळ्यांपुढून हलत नाही.

यानंतर थोड्याच वेळात लेडी मॅकबेथ म्हणते, ‘अ लिट्ल वॉटर क्लिअर्स अस ऑफ धिस डीड.’ थोडंसं पाणी पुरे. पाचव्या अंकात ती झोपेत हात चोळत राहते. अरबस्तानातली सगळी अत्तरं, ती म्हणते, ‘धिस लिट्ल हँड’चा वास घालवू शकणार नाहीत. तिथे ‘लिट्ल’ पाणी होतं, इथे हात आहे.