हुआयू की तैवान स्कॉलरशिप? अर्ज भरण्याआधी एवढं बघून घ्या

"मी तैवान स्कॉलरशिपचा फॉर्म भरलाय. उन्हाळ्यात दोन महिने चिनी शिकायला जायचंय." फेब्रुवारी लागला की असं सांगणारं कुणीतरी भेटतंच, आणि ऐकून मला धस्स होतं. कारण तैवान स्कॉलरशिपवर दोन महिने जाताच येत नाही. ती पदवीसाठी आहे. दोन महिने जाता येतं ते हुआयू या भाषेच्या शिष्यवृत्तीवर.

घोळ होतो यात मुलांचा दोष नाही. दोन्ही शिष्यवृत्त्या तैवानच्या शिक्षण मंत्रालयाच्या. भारतातून दोन्हींचा मार्ग नवी दिल्लीतल्या तैपेई आर्थिक आणि सांस्कृतिक केंद्रातून जातो (भारत-तैवान राजनैतिक संबंध नाहीत, म्हणून दूतावास नसून हे केंद्र). अर्जही साधारण एकाच काळात, फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात. त्यात 'तैवान स्कॉलरशिप' हे नाव इतकं सरसकट आहे की तैवानची कुठलीही शिष्यवृत्ती म्हणजे तीच, असं वाटणारच. दुसरीचं नाव मात्र नीट ऐकलं तर सगळं सांगून टाकतं. 'हुआयू' म्हणजे चिनी भाषा. चीनमध्ये जिला 'हान्यू' किंवा 'पुथोंगह्वा' म्हणतात, तिला परदेशी विद्यार्थ्यांना शिकवताना तैवानमध्ये 'हुआयू' म्हणतात. हुआयू एनरिचमेंट स्कॉलरशिप फक्त भाषेसाठी आहे, दुसऱ्या कशासाठीच नाही.

पैशांचा हिशोब इथेच वेगळा होतो. तैवान स्कॉलरशिपमध्ये दर सत्राला 40,000 तैवानी डॉलरपर्यंत फी मंत्रालय भरतं आणि वर दरमहा भत्ता देतं: बीएच्या पातळीला 15,000, एमए आणि पीएचडीला 20,000. हुआयूचा भत्ता त्याहून मोठा, कित्येक वर्षं महिना 25,000 होता. आकडा बघून घरचे खूश होतात. पण हुआयूमध्ये फी वेगळी मिळत नाही. भाषाकेंद्राची फी, विमान, विमा, खोली, जेवण, सगळं त्याच भत्त्यातून किंवा खिशातून. म्हणून केंद्र निवडताना आधी फीचा तक्ता बघा. तैपेईतलं शिदा (नॅशनल तैवान नॉर्मल) विद्यापीठाचं केंद्र 1956 पासून चालू आहे आणि सगळ्यांना तेच हवं असतं. नॅशनल तैवान विद्यापीठातल्या आयसीएलपी या चिनी भाषेच्या कार्यक्रमाचा वर्ग तर दोन-चार विद्यार्थ्यांचाच असतो, पण फी त्या मानाने भरमसाठ. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने तैपेईचा हट्ट धरू नये. ताइनान, ताइचुंग, काओश्युंग इथे राहणं स्वस्त आहे.

मुदतही नीट वाचा. हुआयू दोन, तीन, सहा, नऊ महिने किंवा वर्षभराची असते. त्यातली दोन महिन्यांची ती उन्हाळी: जून-जुलै किंवा जुलै-ऑगस्ट. त्या वर्षी भारतासाठी कुठल्या मुदतीच्या जागा आहेत हे दिल्लीच्या सूचनेतच कळतं. आठवड्याला किमान 15 तासांचा वर्ग सक्तीचा, आणि सहली, व्याख्यानं, स्वतःचा अभ्यास त्या 15 तासांत धरत नाहीत. दांड्या वाढल्या की भत्ता थांबतो. एकदा हुआयू मिळाली की पुन्हा मिळत नाही, हे तर फारच लक्षात ठेवा. ज्याला नुकतं 'नी हाव' म्हणता येतं, त्याने दोन महिन्यांवर ती खर्च करू नये असं मला मनापासून वाटतं. त्याने सहा महिन्यांसाठी अर्ज करावा. उन्हाळी मुदत ज्याची वर्ष-दोन वर्षं शिकून झाली आहेत आणि बोलायला तोंड उघडत नाही, त्याच्यासाठी.

शिवाय आपली बहुतेक मुलं सोपी केलेली चिनी लिपी शिकतात आणि एचएसके ही चीनची भाषापरीक्षा देतात. तैवानमध्ये पारंपरिक लिपी, आणि त्यांची स्वतःची भाषापरीक्षा टॉकफल. 'तैवान' हा शब्दच घ्या: सोप्या लिपीत 17 रेघा, पूर्ण पारंपरिक रूपात 39. उच्चार शिकवायला तिथल्या शाळांत रोमन अक्षरांऐवजी बोपोमोफो नावाची 37 चिन्हं वापरतात, आणि इथे मराठी माणसाला चक्क घरी आल्यासारखं वाटतं. आपली वर्णमाला कंठापासून ओठांकडे येते, त्यांची ओठांपासून सुरू होते. रोमन 'बी' आणि 'पी' बघून इतर लोक अडखळतात. आपल्याला तो सरळसरळ 'प' आणि 'फ' मधला फरक.

आता अर्जासोबत द्यायचं निवेदन. दोन्हींतला फरक सगळ्यात जास्त इथे उघडा पडतो. तैवान स्कॉलरशिपला परीक्षक विचारतात: हाच विषय का, हेच विद्यापीठ का, पुढे काय करणार? हुआयूला प्रश्न लहान आहे: एवढ्या आठवड्यांत तुमची भाषा कुठून कुठे जाणार? मागे एका मुलीचं निवेदन मी वाचलं. सुरुवात 'मला लहानपणापासून चिनी संस्कृतीची आवड आहे' अशी, आणि पुढे पानभर भारत-तैवान व्यापार. मी तिला म्हटलं, तुझं चिनी नेमकं कुठे अडतं ते सांग. ती म्हणाली, "खरेदी आणि विक्री दोन्ही 'माय'. स्वर खाली जाऊन वर आला तर खरेदी, सरळ खाली आपटला तर विक्री. मी दुकानात जाऊन विकायला लागते!" मी म्हटलं, हेच लिही. तिने हे दोन स्वर (चिनीतला तिसरा आणि चौथा), रोज बाजारात बोलायचा सराव, शेवटी टॉकफलची कुठली पातळी देणार, एवढंच लिहिलं. पानभराचं निवेदन अर्ध्या पानावर आलं आणि पहिल्यांदा त्यात ती दिसली.

आणि एक गोष्ट जी दोन्हींत सारखी आहे, पण निम्मे लोक विसरतात: शिष्यवृत्तीचा अर्ज म्हणजे प्रवेशाचा अर्ज नव्हे. हुआयूसाठी भाषाकेंद्राला, तैवान स्कॉलरशिपसाठी विद्यापीठाला वेगळा अर्ज करायचा आणि केल्याचा पुरावा दिल्लीच्या अर्जाला जोडायचा. केंद्रांच्या तारखा स्वतंत्र असतात, तेव्हा तिथला अर्ज जानेवारीतच बघून ठेवा. शिफारसपत्रंही तेव्हाच मागा. वार्षिक परीक्षांच्या गडबडीत सरांना गाठणं कठीण जातं, आणि घाईत लिहिलेलं पत्र दोन ओळींचं येतं.

निवड झाल्यावर निघताना दीड-दोन महिन्यांचा खर्च जवळ ठेवा. भत्ता तिथे पोचून केंद्रात नाव लागल्यावर सुरू होतो आणि पहिली रक्कम हातात पडायला वेळ लागतो, खोलीचं भाडं मात्र पहिल्याच दिवशी द्यावं लागतं.