डिलिरियमग्रस्त रुग्णांची शुश्रूषा आणि अतिदक्षता परिचारिकांवरील ताण

अतिदक्षता विभागातील रुग्णाचे भान, अवधान आणि विचारांची संगती काही तासांत किंवा दिवसांत ढासळणे व त्यात सतत चढउतार होत राहणे, या अवस्थेस डिलिरियम म्हणतात. व्हेंटिलेटरवरील रुग्णांत त्याचे प्रमाण काही अभ्यासांत ८० टक्क्यांपर्यंत आढळले आहे. अशा रुग्णांजवळ संपूर्ण पाळी काढणाऱ्या परिचारिकांचा ताण हलका करण्याचा प्रश्न बहुधा समुपदेशन आणि योगवर्ग यांपाशीच थांबतो. वास्तविक या ताणाचे मूळ कामाच्या रचनेत अधिक आहे.

डिलिरियमचे अस्वस्थ आणि सुस्त असे प्रकार दिसतात. अस्वस्थ प्रकारात रुग्ण सलाईन व नळ्या उपसतो, खाटेवरून उतरू पाहतो, शिवीगाळ करतो, प्रसंगी हातही उगारतो. श्वासनलिकेतील नळी निघाली तर जिवावर बेतते, म्हणून रुग्णाचे हात बांधले जातात. पण बांधल्याने त्याची तगमग वाढते, हे परिचारिका डोळ्यांनी पाहत असते. योग्य काय ते कळूनही संस्थेच्या मर्यादांमुळे तसे वागता न येणे, या कोंडीला अमेरिकी तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये नैतिक क्लेश असे नाव दिले. सुस्त प्रकार याहून अधिक आढळतो, मात्र त्यातला रुग्ण गप्प पडून राहत असल्याने तो सहज नजरेतून सुटतो.

ताणाचे आणखी एक कारण क्वचितच बोलले जाते. रात्रभर अनावर असलेला रुग्ण सकाळच्या राउंडला डॉक्टरांना नीट उत्तरे देतो आणि त्यांना सिस्टरांचे सांगणे अतिशयोक्त वाटू लागते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली कॅम-आयसीयू ही डिलिरियम ओळखण्याची चाचणी येथे उपयोगी पडते. काही मिनिटांत होणाऱ्या या चाचणीत बोलू न शकणाऱ्या रुग्णाला अक्षरे वाचून दाखवतात आणि ठरावीक अक्षर ऐकताच हात दाबण्यास सांगतात. प्रत्येक पाळीत तिचा निष्कर्ष नोंदला गेला, तर परिचारिकेच्या सांगण्याला लेखी आधार मिळतो आणि वेदना, जंतुसंसर्ग, प्राणवायूची कमतरता किंवा तुंबलेली लघवी अशी कारणे शोधण्याकडे चर्चा वळते.

औषधांचा आधार मर्यादित आहे. हॅलोपेरिडॉल व झिप्रासिडोन या मनोविकारांवरील औषधांनी डिलिरियमचा कालावधी कमी होत नाही, असे २०१८ मधील एका मोठ्या अमेरिकी चाचणीत दिसले. बेंझोडायझेपिन गटातील गुंगीच्या औषधांनी तर धोका वाढतो. त्यामुळे हलकी गुंगी, लवकर हालचाल, रात्रीची झोप, चष्मा व श्रवणयंत्र यांवर भर दिला जातो. यातील बहुतेक कामे परिचारिकेच्याच वाट्याला येतात. मनुष्यबळ न वाढवता ती सोपवली, तर ताण कमी करण्याचा उपायच नवा ताण ठरतो.

नातेवाइकांना अधिक वेळ आत घेतल्यास काम वाढेल, ही भीती विभागांत नेहमी ऐकू येते. ब्राझीलमधील ३६ अतिदक्षता विभागांतील अभ्यासात (२०१९) भेटीची वेळ दिवसाला बारा तासांपर्यंत वाढवल्यावर डिलिरियम लक्षणीयरीत्या घटला नाही, तसाच कर्मचाऱ्यांचा थकवाही लक्षणीय वाढला नाही. नातेवाइकांची चिंता मात्र कमी झाली. महाराष्ट्रातील शहरी रुग्णालयांत या प्रश्नाला भाषेचीही बाजू आहे. केरळहून आलेल्या परिचारिका तेथे मोठ्या संख्येने आहेत, आणि भ्रमिष्ट अवस्थेतील वृद्ध खेडूत रुग्ण कधी कधी फक्त घरच्या बोलीलाच प्रतिसाद देतो. अशा वेळी खाटेशी बसलेली मुलगी किंवा सून आजोबांना आपण कुठे आहोत, हे समजावू शकते.

प्रशिक्षणाने डिलिरियम ओळखण्याची अचूकता वाढते; ताण मात्र केवळ ज्ञानाने उतरत नाही. दोन अस्वस्थ रुग्ण एकाच परिचारिकेकडे न देणे, असा रुग्ण सलग अनेक पाळ्या एकीवरच न सोपवणे, मदतीची हाक देताच कोण धावून येणार हे पाळीच्या आरंभीच ठरवणे आणि मारहाणीचा प्रसंग घडल्यास तिला दोष न देता त्याची नोंद व चर्चा करणे, हे निर्णय प्रभारी परिचारिकेच्या आणि प्रशासनाच्या हातचे असतात.